दामोदररावांच्या डोळ्याखाली काय बसवावं

नागपूरला जाऊन आलो म्हटलं की कराडात लोक दोनच गोष्टी विचारतात: ऊन किती होतं आणि संत्री आणली का. ऊन बेताचं होतं, कारण भाद्रपद होता. संत्र्यांचा तो हंगाम नव्हे. मी गेलो होतो ते माणसाच्या डोळ्याखालचं हाड फुटल्यावर त्या जागी काय बसवतात याची चौकशी करायला. त्या निमित्ताने नागपूर जेवढं दिसलं, तेवढंच सांगतो.

मंदा माझी धाकटी बहीण. टपाल खात्यात लागली, पहिली नेमणूक नागपुरात झाली, तिथेच दामोदररावांशी लग्न केलं आणि ती तिथलीच झाली. दामोदररावांचं घराणं मूळ विणकरांचं. माग बंद पडले तेव्हा त्यांच्या वडिलांनी लकडगंजात आरा मशीन टाकली, म्हणजे लाकूड चिरायचा कारखाना. आता ती मशीन दामोदरराव स्वतः चालवतात.

गणपतीच्या आदल्या दिवशी मंदाचा फोन आला. "दादा, ह्यांना बैलानं मारलं. डोळ्यावर. सगळं दोन-दोन दिसतंय ह्यांना."

मी दूध संघात फॅट तपासतो. दशांश सोडून बोलायची मला सवय नाही. मी विचारलं, "शिंग किती आत गेलं?"

"शिंग नाही लागलं. वशिंड लागलं."

वशिंडाने मारणारा बैल मी कधी ऐकला नव्हता. घरचा गणपती मुलावर सोपवला आणि गोंदियाच्या गाडीत बसलो. वाटेत हिशेब करून पाहिला. खिलारी बैलाचं वशिंड धरा साडेचार फुटांवर. दामोदररावांचा डोळा पाच फुटांच्या वर. म्हणजे एक तर माणूस वाकलेला असणार, नाही तर बैल उडालेला. वर्धा येईपर्यंत माझा निर्णय झाला नाही.

लकडगंज

दारातच मी विचारलं, "बैल कुठे आहे?"

"कपाटावर," मंदा म्हणाली.

तो खरोखरच कपाटावर होता. सागवानी, चार चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. आमच्याकडे बेंदराला, म्हणजे आमच्या पोळ्याला, मातीचे बैल करतात. मातीचा बैल डोक्यात पडला तर बैल फुटतो, माणूस फुटत नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुलं लाकडाचे बैल सजवून घरोघर फिरवतात. दामोदररावांच्या कारखान्यात उरलेल्या लाकडाचे असे बैल दर वर्षी होतात. हा त्यातला सगळ्यात थोरला. माळ्यावरून काढताना तो घसरला आणि वशिंडाचा गोल भाग बरोबर डाव्या डोळ्यावर बसला. त्यानंतर गल्लीतल्या पोरांनी त्याला मिरवला, बक्षीसही आणलं, आणि मग त्याला शिक्षा म्हणून कपाटावर ठेवलं.

दामोदरराव खुर्चीत बसले होते. डोळ्याभोवती जांभळं पडलेलं. मला पाहून त्यांनी मान वर केली.

"या दादा, या. तुमच्या डोक्यावर अजून एक दादा बसून राहिले. त्यायलेही बसाले सांगा."

मी हसलो. मंदा हसली नाही. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "दादा, मशीनच्या करवतीची पट्टी एकच असते. ह्यांना दोन दिसल्या तर बोट कोणत्या पट्टीपासून लांब ठेवायचं? काल हट्टानं कारखान्यात गेले होते. मी मेन स्विचचा फ्यूज काढून पर्समध्ये घालून आणला."

तिने पर्स उघडून फ्यूज दाखवला. पोस्टाचे शिक्के, डबा आणि फ्यूज.

हॉस्पिटल

हॉस्पिटलात पहिल्या दिवशी कोणी तरी केसपेपरवर 'बैलाने मारले' असं लिहून ठेवलं होतं. त्यामुळे दर पाळीला नवा माणूस येई आणि विचारी, "बैल पाळीव होता की मोकाट?"

"सागवानी," दामोदरराव सांगत.

"लस टोचली होती का?"

"पॉलिश केलं होतं."

तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरीणबाई मात्र शांत आणि नेमक्या बोलणाऱ्या होत्या. त्यांनी स्कॅन दाखवला. डोळ्याखालचं हाड कागदासारखं पातळ असतं. डोळ्यावर गोल वस्तूचा मार बसला की आतला दाब वाढतो आणि ती खालची फळी फुटते. त्यामुळे बुबुळ वाचतं, पण डोळ्याभोवतीची चरबी आणि स्नायू त्या भोकात अडकतात. डोळा वर फिरत नाही, म्हणून दोन दिसतं. भोक जुन्या आठ आण्याच्या नाण्याहून थोडं लहान होतं आणि मागपर्यंत गेलेलं होतं. अख्ख्या खोबणीत तीस मिलिलिटरच्या आसपास मावतं, आणि एक मिलि जागा वाढली की डोळा साधारण एक मिलिमीटर आत जातो, असं त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. एवढं स्वच्छ प्रमाण आमच्या दुधातही सापडत नाही.

"सूज उतरली की करून टाकू. पण दोन आठवड्यांपुढे जाऊ नका," त्या म्हणाल्या. "अडकलेला स्नायू तिथेच चिकटला तर मग दोनाचं एक करणं फार अवघड."

"बसवणार काय?" मी विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. कमरेचं हाड काढून बसवता येतं. ते आपलंच असल्यामुळे शरीर तक्रार करत नाही, पण कमरेला दुसरी जखम होते आणि हाड पुढे झिजून कमी होतं. "किती कमी?" मी विचारलं. "नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हा पर्याय माझ्या मनातून तिथेच उतरला. विरघळणारी पट्टी लहान भोकाला चालते, एवढ्या मोठ्याला नाही. सिलिकॉन पूर्वी घालत, ते पुढे बाहेर येऊ शकतं. बारीक छिद्रांची प्लास्टिकची चकती चांगली आणि गुळगुळीत असते, पण पातळ घेतली तर एवढ्या भोकावर खचण्याची भीती, आणि ती स्कॅनमध्ये नीट दिसत नाही, त्यामुळे बरोबर बसली का ते कळत नाही. उरलं टायटॅनियम. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, हवं तसं वळतं, मागच्या शाबूत हाडाच्या काठावर टेकतं, स्कॅनमध्ये दिसतं. दोष एवढाच की पुढे कधी काढायचं झालं तर कठीण, कारण मांस त्यात भरून येतं.

दामोदरराव सगळं ऐकून म्हणाले, "सागवान काहून नाही लावत, म्याडम?"

"लाकूड?"

"पातळ फळी. मी काढून देतो. गाठ नसलेली."

"ओलं होईल ते."

"सागवानाले पाण्यानं काही होत नाही. जहाजं बनतात त्याची."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. विचार केल्याचं दाखवलं तरी. मग म्हणाल्या, "नको. बैलाचीच जात आहे ती. टायटॅनियम मेश बसवू." दामोदररावांना ते पटलं.

कोपऱ्यात त्यांची आई बसली होती. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते नाही बसवाचं. कंबरेचं हाड काढा." आणि बाहेर गेल्या.

घरी, तिखटाविना

या दुखण्यात नाक शिंकरायचं नसतं. शिंकरलं तर नाकातली हवा भोकातून डोळ्यामागे शिरते. मावशींनी याचा अर्थ घरात तिखट बंद असा लावला. आता हे सावजी जेवणाचं घर. त्यांच्या साध्या वरणालाही घाम फुटतो. तिथे दोन वेळा मऊ भात आणि दुधी भोपळा चालू झाला, आणि सगळं घर भाऊबंदकी झाल्यासारखं गप्प जेवू लागलं.

मी सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडे आणि पोहे खाई. आमच्या पोह्यांवर खोबरं आणि लिंबू असतं. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. पहिल्या घासाला मी ठेल्याचा खांब धरला. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून म्हटलं, "तर्री जास्त." घरी आलो तेव्हा दामोदररावांनी डोळे मिटून हवा हुंगली.

"दादा, मिशीले तर्रीचा वास येऊन राहिला."

"नाही हो."

"मले दोन दिसत असंन. वास एकच येते."

त्याच दुपारी मावशींनी मला भेदरं आणायला पाठवलं. भेदरलेलं काय आणायचं ते कळेना. भाजीवाल्याला शब्द तसाच सांगितला, त्याने टोमॅटो तोलून दिले. एवढ्यावरून मी सावध व्हायला हवं होतं. झालो नाही.

टोमॅटो ठेवता ठेवता मी विषय काढला. तो संवाद ऐकला तसाच लिहितो.

"मावशी, मेशला तुमची हरकत काय?"

"दामूले नाही चालत ते."

"अहो, पण ती अगदी पातळ असते."

"पातळ राहो का जाड, भाऊ. मेश म्हणजे मेश."

"आणि हवी तशी वाकते."

"मेश वाकते?" मावशी हसल्या. "लय हट्टी राहते. आमच्या मोठ्या दिराची मेशच होती. साऱ्या घरादाराले तरास."

हे मला नवीन होतं. घरात आधीचा अनुभव असेल तर तो तपासला पाहिजे. मी विचारलं, "त्यांना कुठे बसवली होती?"

"कुठं म्हणजे? जन्मापासूनच."

"जन्मतः? आणि शेवटपर्यंत राहिली?"

"राहीन नाही तं काय, बदलते का?"

"त्रास कशा प्रकारचा होता?"

"लगेच डोकं गरम होये. एकदा तं जेवणाचं ताट भिंतीवर मारलं."

जन्मजात रोपण आणि त्यामुळे डोकं गरम होणं, हे दोन्ही मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, टायटॅनियमने ताट फेकण्याची नोंद त्यांच्या वाचनात नाही.

इकडे दामोदररावांची सूज उतरली होती. ऑपरेशनची वेळ आली होती आणि निघूनही जाणार होती. ते मला म्हणाले, "दादा, तुमचं पटते मले. पण मायचं मन मोडून मी डोळ्यात काही घालत नाही. हाड काढू द्या कंबरेचं."

"आणि मग ओंडके कोणत्या कमरेनं उचलाल?"

मंदाने पर्समध्ये हात घालून फ्यूज चाचपला. त्या घरात आता तिचा तोच चाळा झाला होता.

मग ती म्हणाली, "आई त्या दिवशी हॉस्पिटलातनं परस्पर महालात गेल्या होत्या. जोशीबुवांकडे."

महाल

महाल म्हणजे नागपुरातली जुनी वस्ती. तिथल्या गल्ल्यांत गणपतीचे मांडव घातलेले होते, त्यामुळे अर्धा रस्ता देवाचा आणि उरलेला मोटारसायकलींचा. माणसाने भिंतीला चिकटून चालावं. जोशीबुवांचं पूजासाहित्याचं दुकान होतं. दुर्वांच्या जुड्या मोजता मोजता ते पत्रिकाही पाहत. मी ओळख सांगितली. माणूस सरळ होता.

"आल्या होत्या बाई," ते म्हणाले. "मुलाची रास वृषभ. मला विचारलं, डॉक्टरीण डाव्या डोळ्यात मेष बसवते म्हणते, चालेल का. आता तुम्हीच सांगा. वृषभेला मेष बारावी. बारावं स्थान व्ययाचं, इस्पितळाचं, आणि वर डाव्या डोळ्याचं. तिथे मेष बसवा म्हणून कोणता शहाणा सांगेल?"

मला उभ्या उभ्या घाम फुटला. तर्रीचा नव्हे.

"बुवा, मेष नाही हो. मेश. इंग्रजी शब्द आहे. म्हणजे जाळी."

"जाळी?"

"धातूची. डोळ्याखाली बसवायची."

जोशीबुवांनी दुर्वा खाली ठेवल्या. "म्हणजे तो ज्योतिषाचा प्रश्नच नव्हता."

"नव्हता."

"मग माझं उत्तर चुकलं नाही."

"नाही चुकलं. पण डोळा एक आहे आणि त्याचे दिवस संपत आलेत."

त्यांनी तिथल्या तिथे मावशींना फोन लावला. "बाई, ती मेष नाही. मेश आहे."

पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "तेच तं म्हणून राहिली मी."

"नाही बाई, तुम्ही म्हणता ती मेष. ही मेश."

"हो बुवा. मेश. मी काय वेगळं म्हणून राहिली?"

"बाई, शहामृगाचा श. मेश."

"अजून शहामृगही घालतात का?"

मी फोन ओढून घेतला आणि ओरडलो, "मावशी, जाळी! जाळी!" दुकानातली गिऱ्हाइकं वळली. समोरच्या मांडवातला ढोलही थांबला.

मग मावशी म्हणाल्या, "जाळी? कूलरले राहते तशी?"

"तशीच. बारीक."

"मंग जाळी म्हणाचं नं! माह्या लेकराच्या डोळ्यात मेंढा घालून राहिले म्हणून मले झोप नाही. शिकलेले लोक एवढ्याशा गोष्टीले काहून रास लावतात?"

निघताना जोशीबुवांनी सहज विचारलं, "धातू कोणता?"

"टायटॅनियम."

त्यांनी आठवून पाहिलं. "त्याचा उल्लेख आमच्या ग्रंथांत नाही. म्हणजे प्रतिकूल असं काहीच नाही."

पुन्हा हॉस्पिटल

पाहिल्याशिवाय मावशी कबूल होणार नव्हत्या. त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेबलावर दामोदररावांच्या खोबणीचा प्लास्टिकचा नमुना होता. उजवी बाजू शाबूत असल्यामुळे तिचं आरशातलं प्रतिबिंब काढून संगणकाने डावी तयार केली होती आणि तिच्यावर ती जाळी वळवून बघायची होती. मावशींनी नमुना दोन्ही हातांत घेतला.

"हे माह्या दामूचं डोस्कं?"

"तेवढा भागच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींनी दृष्ट काढावी तशी त्याच्यावरून बोटं मोडली. मग जाळी उजेडाकडे धरली आणि जुन्या विणकराच्या घरातल्या बाईने लुगडं पाहावं तशी पाहिली.

"धुतली का आटन नाही नं?"

"नाही. हाड आटतं. ही नाही."

"ताणली तं सैल पडन?"

"नाही पडणार."

"काठ लागन का आतमंदी?"

हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना आवडला. "लागू शकतो. म्हणून काठ नीट कापून, घासून घेऊ."

दामोदररावांनी जाळी घेतली, एक डोळा मिटला आणि धार पाहावी तशी आडवी धरली. "कूलरच्या मानानं बरी हाय."

"मंग बसवा," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. खालच्या पापणीच्या आतून गेले, बाहेर चीर नाही. नंतरच्या स्कॅनमध्ये जाळी मागच्या काठावर टेकलेली स्पष्ट दिसली. मी विचारलं, "किती चुकली?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोजण्यासारखी नाही." आमच्या धंद्यात हे उत्तर चालत नाही, पण त्या दिवशी मी चालवून घेतलं.

चुकली नसली तरी दिसतंय किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. पट्टी निघाली तेव्हा डोळा सुजेने मिटलेला होता. तो उघडेपर्यंत मी राहिलो.

मी निघायच्या दिवशी तपासणी होती. दामोदरराव खुर्चीत, मावशी मागे, मी दाराशी. मंदा अर्धी रजा टाकून आली होती आणि खुर्चीशेजारी उभी होती. डॉक्टरीणबाईंनी पेन धरलं.

"समोर किती?"

"एक."

"नीट पाह्य गा," मावशी म्हणाल्या. "म्याडमले बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"एकच हाय, माय."

"खाली?"

"एक."

"आता वर बघा. मान नाही, डोळे."

दामोदररावांनी डोळे वर नेले. उजवा सरळ गेला, डावा जरा मागे राहिला.

"दीड," ते म्हणाले.

"दीड म्हणजे?" मी विचारलं. राहवलं नाही.

"एक पुरा. त्याच्या डोक्यावर एक अर्धा, फिक्का."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. अजून सूज आहे, ती उतरेल तसा अर्धा जाईल. बहुतेक जाईल. अगदी वर थोडं राहूही शकतं, त्याचा शब्द त्या देणार नव्हत्या.

"आणि मशीन?" मी विचारलं.

"मशीनवर वर कोण पाह्यते, दादा?" दामोदरराव म्हणाले. "पट्टी समोर, लाकूड खाली. वर पाहणाऱ्याची बोटं आधीच गेली राहतात."

"हो, पण काही आठवडे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत कुलूप."

मंदा म्हणाली, "अन् मी किती दिसून राहिली?" इतक्या वर्षांत तिच्या तोंडून नागपुरी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

दामोदररावांनी तिच्याकडे वर पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

"उभी हायेस तं दीड."

मंदाने आजूबाजूला खुर्ची शोधली नाही. ऑफिसच्या साडीत, पर्स खांद्याला तशीच, ती सरळ फरशीवर मांडी घालून बसली.

"आता?"

त्यांनी नजर खाली आणली.

"आता एक."

पुढच्या पेशंटला आत यायचं होतं. मंदा उठेना.